पश्चिमेला जाण्याआधी

इसवी सनपूर्व १२५० च्या आसपास इजिप्तमधल्या थीब्ज शहरात राहणाऱ्या, चार पैसे गाठीला असलेल्या माणसाने मरणाची तयारी काढली, तर पहिलं काम थडग्याचं. जागा नाईलच्या पश्चिम तीरावर बघायची, सूर्य मावळतो तिकडे. खडक खोदायला वर्षं जातात, तेव्हा हातपाय धड असतानाच सुरुवात करावी. शवपेटीही सांगून ठेवावी, स्वतःची आणि बायकोचीसुद्धा. त्याआधी दीडएकशे वर्षांपूर्वी देर अल-मदिना या कारागिरांच्या गावातल्या खा नावाच्या मुकादमाची बायको मेरित त्याच्याआधी गेली. तिला खासाठी केलेल्या पेटीत ठेवावं लागलं आणि ती मोठी पडली म्हणून आत कापड भरावं लागलं.

देह टिकवण्याचे ७० दिवस घरच्यांनी सोसायचे. नेट्रॉन हा खार आणि लिननच्या पट्ट्या यांची सोय मात्र आधीच हवी. यकृत, फुप्फुसं, जठर आणि आतडी यांना चार बरण्या लागतात. मेंदू नाकावाटे काढून टाकून देतात, त्याची कोणाला पर्वा नाही. हृदय जागेवरच राहायला हवं, कारण मृतांचा देव ओसिरिस याच्यासमोर तेच सत्याची देवी मात हिच्या पिसाबरोबर तराजूत पडणार. जड भरलं तर मगरीच्या तोंडाची राक्षसी अम्मित खाली टपून बसलेलीच. म्हणून हिरव्या दगडाचा भुंगा करून घ्यावा आणि त्यावर ‘माझ्या हृदया, माझ्याविरुद्ध साक्ष देऊ नकोस’ हा मंत्र कोरून तो छातीवर ठेवायला सांगावा. आयुष्यभर काय केलं ते हृदयाला पक्कं ठाऊक, म्हणून ही आधीच घातलेली समजूत!

मेलेल्याला थडग्यातून ‘दिवसा बाहेर येण्याच्या’ मंत्रांची पपायरस कागदाची गुंडाळी तयारही मिळते. त्यात नावाची जागा कोरी असते, ती भरली आहे ना हे स्वतः बघावं. कोरीच राहिलेल्या गुंडाळ्या आजही सापडतात. ४२ देवांपुढे ‘मी चोरी केली नाही, मी खून केला नाही’ असं एकेक म्हणायचं आहे, तेव्हा लेखनिक चांगला धरावा.

परलोकातही शेतीची वेठ चुकत नाही. हाक आली की ‘हा मी हजर’ म्हणायला शब्ती बाहुल्या घ्याव्यात. ऐपतीप्रमाणे एकदोनही चालतात. पुढे मात्र पूर्ण संच ४०१ चा झाला, वर्षाच्या दर दिवसाला एक मजूर आणि वर चाबूकवाले ३६ मुकादम.

रोजच्या नैवेद्यासाठी पुजाऱ्याच्या नावे थोडी जमीन लावून द्यावी. तरी पिढ्या गेल्या की ते बंद पडतंच. म्हणून थडग्याच्या दाराशी येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी विनंती कोरून घ्यावी: हजार भाकरी, हजार घडे बीअर, एवढं माझ्या नावाने म्हणा, तुमचा फक्त तोंडचा श्वास खर्च होईल.