जुनी पाँटून हाऊसबोट घेताय? आधी खालची नळकांडी बघा, आणि या चुका टाळा

हाऊसबोट म्हटलं की आपल्याला केरळ आठवतं नाहीतर श्रीनगर. पण इथे अमेरिकेत, केंटकी-टेनेसीच्या लेक कंबरलंड, डेल हॉलो, नॉरिस अशा तलावांवर जी दिसते ती वेगळीच चीज आहे, खाली ॲल्युमिनियमची (फार जुनी असेल तर स्टीलची) दोन-तीन लांबलचक नळकांडी (यांनाच पाँटून म्हणतात), त्यावर डेक आणि डेकवर चक्क एक छोटं घर. इकडे राहणारं आपलं कोणी तीस-चाळीस वर्षं जुनी बोट स्वस्तात मिळतेय म्हणून घ्यायच्या विचारात असेल तर त्यांच्यासाठी हे लिहितोय, कारण लोक पैसे उलट्या क्रमाने खर्च करतात. आधी पडदे, फ्लोअरिंग, नवा फ्रिज, आणि पाँटून, वायरिंग, जनरेटर हे सगळं "बघू पुढच्या सीझनला". तिथेच घात होतो.

पहिली चूक म्हणजे बोट पाण्यातच बघून सौदा करणं. मालक म्हणतो एवढी मोठी बोट बाहेर काढायला खर्च येतो, कशाला उगाच. खर्च येतो हे खरंच आहे, मोठा हायड्रॉलिक ट्रेलर लागतो आणि तो प्रत्येक मरिनात, म्हणजे बोटी बांधून ठेवायच्या जागी, नसतो, पण तरीही काढायला लावाच आणि बोट तपासणारा स्वतंत्र सर्व्हेअर आणा, मालकाच्या ओळखीतला नको. स्टीलची बोट असेल तर अल्ट्रासॉनिक मीटरने पत्र्याची जाडी मोजून घ्या, वरून रंग झकास असतो आणि आतून पत्रा पापडासारखा झालेला असतो. शिवाय जुन्या बोटीला इन्शुरन्स देताना बऱ्याच कंपन्या सर्व्हे रिपोर्ट मागतातच.

बोट एका बाजूला कलतेय

हा सगळ्यात कॉमन प्रॉब्लेम. लगेच पाँटून फुटलं असं धरून चालू नका. आधी पाण्याची टाकी, होल्डिंग टँक (टॉयलेटच्या सांडपाण्याची टाकी), डिझेल-पेट्रोल कुठल्या बाजूला किती भरलंय ते बघा, एक गॅलन पाणी म्हणजे सव्वाआठ पौंडांच्या वर वजन, त्यामुळे शंभर गॅलनची टाकी एका कोपऱ्यात असेल तर बोट कलणारच. टाक्या रिकाम्या करूनही कलतेय तर चारही कोपऱ्यांवर पाण्याच्या रेषेला टेप लावा आणि काही दिवस बघत राहा. वजनामुळे कललेली बोट तेवढीच राहते, गळणारी रोज थोडी थोडी खाली जाते.

पाँटूनच्या आत वेगवेगळे कप्पे असतात, एकात पाणी गेलं तरी बाकीचे बोट तरंगती ठेवतात. कप्प्याला वरून प्लग असेल तर उघडून पंपाने पाणी काढा आणि मग बोट बाहेर काढल्यावर हवेचा दाब देऊन सगळ्या वेल्डवर साबणाचं पाणी मारा. जिथे बारीक बुडबुड्यांचा फेस सारखा फुलत राहतो तिथे भोक, कधीकधी ते इतकं बारीक असतं की डोळ्यांनी दिसतच नाही. पण दाब २ ते ३ पीएसआयच्या (दर चौरस इंचाला पौंड) वर अजिबात नको! गॅरेजमधला कॉम्प्रेसर सरळ जोडतात लोक. हिशोब करा ना, ३६ इंच व्यासाच्या पाँटूनच्या टोकाच्या झाकणाचं क्षेत्रफळ साधारण १००० चौरस इंच भरतं, म्हणजे १० पीएसआय दिला तर त्या झाकणावर १०,००० पौंडांचा जोर येतो. झाकण फुगतं, वेल्ड उकलते, आणि समोर उभा असलेल्या माणसाचं काही खरं नाही.

आणि कृपा करून गळकं पाँटून स्प्रे फोमने भरू नका. फोमच्या आजूबाजूला पाणी अडकून राहतं, ॲल्युमिनियम आतून खात राहतं, आणि नंतर वेल्डरला तिथे टॉर्च लावणंच शक्य होत नाही कारण फोम पेटतो आणि विषारी धूर सोडतो.

तांबं आणि ॲल्युमिनियम, यांना लांब ठेवा

डेकचं प्लायवुड सडलं की लोक होम डेपोतून प्रेशर ट्रीटेड लाकूड आणतात, टिकेल म्हणून. २००४ पासून अमेरिकेत घरगुती वापराच्या त्या लाकडात आर्सेनिकऐवजी तांब्याचं प्रमाण जास्त असलेली रसायनं आली, आणि ओलं तांबं ॲल्युमिनियमच्या आडव्या चॅनेलला लागलं की ॲल्युमिनियमला पांढरी पावडर येऊन खड्डे पडायला लागतात. मरीन प्लायवुड घ्या, कडा इपॉक्सीने सील करा, स्क्रू स्टेनलेसचे वापरा. याच कारणासाठी खालून तांबंवाला अँटीफाउलिंग रंगसुद्धा (शेवाळ-शिंपले चिकटू नयेत म्हणून लावतात तो) कधीच लावायचा नाही.

ॲनोडचंही तसंच, म्हणजे बोटीच्या धातूऐवजी स्वतः झिजणारा जो धातूचा तुकडा खाली लावतात त्याचं. दुकानदार झिंकचा देतो, तो खाऱ्या पाण्यासाठी ठीक आहे, गोड्या पाण्यात त्याच्यावर थर चढतो आणि तो काम करणं बंद करतो. तलावात मॅग्नेशियमचा लागतो. आणि वर्षभर डॉकच्या विजेला जोडून ठेवणार असाल तर गॅल्व्हॅनिक आयसोलेटर बसवा, नाहीतर अर्थिंगच्या वायरीतून शेजारच्या बोटींशी तुमच्या बोटीची बॅटरी तयार होते आणि तुमचा धातू झिजत राहतो.

वायरिंग आणि धूर, इथे माणसं मरतात

हे वाचताना घाई करू नका. जुन्या बोटीत आधीच्या दोन-तीन मालकांनी घरातली सिंगल तारेची वायर टाकलेली असते, ती थरथरीने तुटते, मरीन वायर बारीक तारांची आणि टिन केलेली हवी. वीज पाण्यात उतरली तर गोड्या पाण्यात ती खाऱ्यापेक्षा जास्त घातक ठरते, कारण गोड्या पाण्यापेक्षा माणसाच्या शरीरातून ती सहज वाहते, हातपाय आखडतात आणि चांगला पोहणारा माणूसही बुडतो. ४ जुलै २०१२ ला टेनेसीच्या चेरोकी लेकवर मरिनात दोन लहान मुलं अशीच गेली, त्यानंतर राज्याने मरिनांना ग्राउंड फॉल्ट संरक्षण (वीज गळली की आपोआप तोडणारी सोय) सक्तीचं करणारा कायदा केला. म्हणून मरिनात पोहायचं नाही, मुलांनाही उतरू द्यायचं नाही, कितीही उकडत असलं तरी. कोणी पाण्यात मुंग्या येतायत म्हणून ओरडलं तर उडी मारू नका, आधी डॉकची वीज बंद करा, मग रिंग टाका.

तपासायचं कसं? मिलीअँपिअर दाखवणारा क्लॅम्प मीटर घ्या आणि शोअर पॉवरच्या, म्हणजे डॉकवरून बोटीत वीज आणणाऱ्या, अख्ख्या केबलभोवती अडकवा. आकडा शून्य हवा. काही दिसलं तर तेवढी वीज केबलमधून परत न येता पाण्यातून जातेय. एकेक ब्रेकर पाडत जा, ज्याने आकडा पडतो तो गुन्हेगार, बऱ्याचदा गिझरचं एलिमेंट निघतं. त्यानंतर मरीन इलेक्ट्रिशियनकडून ३० मिलीअँपिअरला ट्रिप होणारा ईएलसीआय (वीज गळती पकडणारा) ब्रेकर बसवून घ्या.

जनरेटरचा एक्झॉस्ट मागच्या स्विम प्लॅटफॉर्मखाली सोडलेला असेल तर ती बोट तशी वापरूच नका. ऑगस्ट २००० मध्ये युटा-ॲरिझोनाच्या लेक पॉवेलवर दोन भाऊ प्लॅटफॉर्मखालच्या पोकळीत साचलेल्या कार्बन मोनॉक्साइडने गेले, नंतर नायॉश या सरकारी संस्थेने तिथल्या बोटींवर मोजमाप केलं आणि धूर छताच्या वर नेणारा उभा पाइप लावायचा सल्ला दिला. जुन्या बोटीतला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) अलार्म कोपऱ्यात लटकत असतो, त्याच्यामागची तारीख वाचा, सेन्सरचं आयुष्य काही वर्षांचंच असतं, बीप वाजली म्हणजे चालू आहे असं नाही. प्रोपेन गॅसचा डिटेक्टर मात्र खाली, जमिनीजवळ, कारण तो गॅस हवेपेक्षा जड असतो.

बाकीचं थोडक्यात

छताला वॉटर स्लाइड आणि जकूझी लावायच्या आधी बोट किती खाली बसतेय ते बघा, पाँटून अर्ध्याच्या वर बुडायला लागलं की थांबा. छत गळत असेल तर आतून डाग रंगवू नका, खिडकीच्या खालच्या लाकडात स्क्रूड्रायव्हर खुपसून बघा, सहज आत गेला तर लाकूड सडलंय. हिवाळ्याआधी गिझर आणि सगळे पाइप रिकामे करून गुलाबी रंगाचं प्रॉपिलीन ग्लायकॉल भरा, गाडीतलं हिरवं विषारी असतं, ते पिण्याच्या पाण्याच्या लाइनमध्ये नकोच. इंजिनाच्या ब्लॉकचे आणि मॅनिफोल्डचे ड्रेन प्लग काढल्यावर पाणी आलं नाही तर खूश होऊ नका, गाळाने भोक बुजलेलं असतं, तार घालून मोकळं करा, नाहीतर पहिल्या कडक थंडीत ब्लॉकला तडा जातो आणि तो कळतो थेट एप्रिलमध्ये.