ऑनलाइन समुपदेशन: घरात माणसं असताना मोकळं कसं बोलाल

ऑनलाइन समुपदेशनाची तयारी म्हटली की ‘घरातला शांत कोपरा निवडा’ हा सल्ला हमखास मिळतो. वन-बीएचकेत पाच-सहा माणसं राहत असतील, तर असा कोपरा आणायचा कुठून? नेट गेलं तर सत्र पुन्हा जोडता येतं. पण दाराबाहेर कुणीतरी ऐकतंय ही धास्ती असेल तर माणूस तासभर वरवरचंच बोलतो आणि फी भरून रिकाम्या हाती उठतो.

वेळ ठरवतानाच समुपदेशकाची पात्रता विचारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेचा, म्हणजे आरसीआयचा, नोंदणी क्रमांक मागा. त्यात संकोच करण्यासारखं काही नाही. परदेशातून मराठीत बोलणार असाल तर वेळ भारतीय घड्याळाप्रमाणे लिहून घ्या. अमेरिका-युरोपात वर्षातून दोनदा घड्याळ बदलतं आणि सत्र चुकतं.

आता जागा. हेडफोनमुळे समोरच्याचा आवाज लपतो, तुमचा नाही. उलट कानात आवाज चालू असला की आपण नकळत मोठ्याने बोलतो, म्हणून एक कान मोकळा ठेवा. हेडफोन वायरचाच बरा, कारण ब्लूटूथ कधीकधी घरातल्या दुसऱ्याच स्पीकरला जोडलं जातं. दाराखालच्या फटीला टॉवेल गुंडाळून लावा. बराचसा आवाज तिथूनच बाहेर जातो. दाराकडे पाठ करा आणि जाड पडदा किंवा कपड्यांचं उघडं कपाट समोर येईल असं बसा. कापड आवाज शोषून घेतं. टीव्ही किंवा रेडिओ लावायचा तर खोलीबाहेर, दाराजवळ. तो खोलीत लावला तर गोंगाट गाळणारं अ‍ॅप तुमचा हळू आवाजही गाळून टाकतं.

बाथरूममध्ये बसू नका. टाइल्समुळे आवाज घुमतो आणि डक्टमधून वरच्या-खालच्या मजल्यांवर पोचतो. गच्चीवर माइकमध्ये वारा शिरतो, शिवाय तिथे कुणी ना कुणी येतंच. गाडी असेल तर सावलीत उभी करून, काचा वर घेऊन बसणं उत्तम, फक्त उन्हाळ्यात सत्र सकाळी लवकर किंवा संध्याकाळनंतर घ्या. बंद पार्किंगमध्ये एसीसाठी इंजिन चालू ठेवणं मात्र जिवावर बेतू शकतं.

समुपदेशकाशी एक खुणेचं वाक्य आधीच ठरवा. ‘फाइल उद्या पाठवते’ म्हटलं की कुणीतरी आत आलंय असं त्यांनी समजावं आणि विषय बदलावा. बोलणं अशक्यच झालं तर चॅटमध्ये टाइप करा. ज्या माणसाबद्दल बोलायचं आहे तोच घरात असेल, तर खुणेच्या भरवशावर राहू नका. तो बाहेर असतानाचीच वेळ मागा. अशा घरात सत्राची आठवण करून देणारे मेसेज, कॅलेंडरची नोंद, लॉक स्क्रीनवरची सूचना यांतूनही गोष्ट फुटते. कुटुंबाच्या सामाईक ईमेलवर लिंक कधीच मागवू नका.

तांत्रिक तयारी थोडीच आहे: फोन चार्जरला लावा, स्टँडवर ठेवा, दहा मिनिटं आधी लिंक तपासा. वायफाय असेल तर एअरप्लेन मोड लावून फक्त वायफाय चालू करा, नाहीतर मध्येच आलेला फोन तुमचा माइक बंद पाडतो. नेट अडखळलं तर व्हिडिओ बंद करा. नुसत्या आवाजावरही सत्र नीट होतं.

चालू औषधांची नावं आणि मात्रा कागदावर लिहून ठेवा. तुम्ही बसला आहात तिथला पत्ता आणि जवळच्या एका माणसाचा नंबर समुपदेशक विचारतील, तो खरा द्या. अचानक प्रकृती बिघडली किंवा जिवाला धोका वाटला तर मदत तिथेच पाठवता येते. स्वतःला इजा करण्याचे विचार आत्ताच येत असतील तर सत्राच्या तारखेची वाट पाहू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर रात्री-अपरात्रीही लागतो, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

सत्रानंतरची पंधरा मिनिटं मोकळी ठेवा. लगेच स्वयंपाकाला किंवा ऑफिसच्या मीटिंगला लागू नका. त्या वेळात, सांगायचं राहून गेलेलं दोन ओळींत लिहा आणि पुढच्या सत्राची सुरुवात तिथूनच करा.