घरी कपडे शिवताना या चुका टाळा: मशीनला दोष देण्याआधी वाचा

शिवण बिघडली की पहिलं बोट मशीनकडे जातं. टाका सुटतो, खाली दोऱ्याचा गुंता होतो, मुंढ्यात, म्हणजे बाही जोडायच्या गोलाईत, चुण्या पडतात आणि मशीन मेकॅनिककडे रवाना होते. खरा घोटाळा बहुतेक वेळा मशीन चालू व्हायच्या आधीच झालेला असतो. कापड न भिजवता कापलेलं असतं, घडीवर माप दुप्पट धरलेलं असतं, नाहीतर दोरा ओवताना दाबाचा पाय खालीच असतो. घरी हौसेनं ब्लाउज, कुर्ती, परकर, लेकराबाळांचे कपडे शिवणाऱ्यांकडून त्याच त्या चुका होतात. त्यातल्या दोन तर इतक्या वेळा दिसतात की त्यांच्यावर सविस्तर बोलल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

अस्तर न भिजवता कापणं

बाहेर आर्टिफिशियल सिल्क, आत सुती अस्तर. लग्नसराईत छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीपासून लातूरच्या गंजगोलाईपर्यंत हीच जोडी खपते. आणि दरवर्षी तोच प्रकार घडतो. लग्न चार दिवसांवर आलेलं असतं. दुपारी कापड आणलं, संध्याकाळी कापलं, रात्री जागून ब्लाउज शिवला. अंगावर झकास बसला, चार जणींनी विचारलं कुठं शिवला म्हणून. एप्रिलच्या उन्हात मांडवात घामानं चिंब झाला, म्हणून घरी आल्यावर धुवून टाकला. वाळल्यावर बघावं तर गळ्याभोवतीचं कापड फुगलेलं, टक्स (आकारासाठी घातलेल्या चुण्या) वर सरकलेले, बाही आतून ओढलेली, आणि खालच्या पट्टीवर बारीक बारीक चुण्या. त्यावर जोर लावून इस्त्री फिरवली की चुण्या मोडतात कुठल्या, पक्क्या बसतात. मग आधी दोऱ्याला नावं ठेवायची, मग दुकानदाराला, शेवटी मशीनला.

कारण साधं आहे. सुती कापड तयार होताना ताणलं जातं आणि त्यावर खळ असते. पहिल्यांदा पाणी लागलं की खळ निघते, धागे मोकळे होतात, कापड आक्रसतं. बाहेरचं सिंथेटिक कापड आहे तेवढंच राहतं. अस्तर ४ टक्के आटलं तर १५ इंच उंचीत अर्ध्या इंचाहून जास्त जातं, आणि ३६ इंच छातीत जवळजवळ दीड इंच. बाहेरचं कापड तेवढं उरतं आणि जागा नसल्यानं फुगतं. यावर दुरुस्ती एकच, उसवून अस्तर नवीन घालणं. बाजूला माया, म्हणजे शिवणीपलीकडचं जास्तीचं कापड, सोडलेली असेल तर ती उलगडून ब्लाउज अंगात शिरेल, पण फुगा जाणार नाही.

म्हणून अस्तर आणल्या आणल्या पाण्यात. दोन-तीन तास साध्या पाण्यात पूर्ण बुडवून ठेवायचं. पिळायचं नाही, पिळलं की उभा-आडवा धागा वाकडा होतो. पाणी निथळू द्यायचं आणि सावलीत दोरीवर सरळ पसरायचं. किंचित ओल असतानाच इस्त्री करायची, तीही किनारीच्या दिशेनं सरळ, गोल गोल नाही. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात अस्तर सावलीतसुद्धा बघता बघता वाळतं, तेव्हा ‘वेळ नव्हता’ ही सबब चालत नाही. पाण्यात मूठभर मीठ टाकलं की रंग पक्का होतो असं सांगणारे पुष्कळ भेटतील. जाणारा रंग मिठानं थांबत नाही. गडद अस्तर दुसऱ्या, तिसऱ्या पाण्यातही रंग सोडत असेल तर ते फिक्या कापडाखाली लावायचंच नाही.

हाच नियम सुती कुर्तीच्या कापडाला आणि खादीला. रेयॉनला तर जास्तच, ते चांगलंच आटतं. पैठणीचा ब्लाउजपीस मात्र पाण्यात घालायचा नाही. तिथं फक्त अस्तर भिजवायचं आणि रेशमाला उलट्या बाजूनं, वर सुती फडकं ठेवून, कमी गरम इस्त्री द्यायची. वाफेच्या इस्त्रीत बोअरचं जड पाणी ओतू नका. क्षार साठून भोकं बुजतात आणि नेमक्या गडद रेशमावर पांढरे डाग थुंकले जातात.

खाली दोऱ्याचा गुंता

टीप मारायला सुरुवात केली की कापडाखाली दोऱ्याचं जाळं होतं. गुंता खाली दिसतो म्हणून सगळे बॉबिनच्या, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळाच्या, मागे लागतात. बॉबिन केसचा बारीक स्क्रू आधी घट्ट करतात, मग सैल, मग आणखी सैल, आणि एका क्षणी तो निघून फरशीवर पडतो आणि सापडत नाही. मशीन रिक्षात घालून मेकॅनिककडे जाते. तो नवीन स्क्रू बसवतो, दाबाचा पाय वर करून वरचा दोरा पुन्हा ओवतो, आणि टीप मोत्यासारखी पडायला लागते. पैसे स्क्रूचे आणि हेलपाट्याचे जातात. दोष स्क्रूचा नव्हताच.

खालचा गुंता बहुतांशी वरच्या दोऱ्यामुळं होतो. वरचा दोरा टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याला ताण देणाऱ्या, दोन चकत्यांमधून जातो. दाबाचा पाय खाली असला की चकत्या मिटलेल्या असतात आणि दोरा आत न शिरता त्यांच्या कडेवर राहतो. मग त्याला अडवणारं काही नसतं, तो हवा तेवढा खाली ओढला जातो आणि तिथं साठतो. म्हणून ओवताना पाय वर. ओवून झाल्यावर पाय खाली टाकून दोरा हलकेच ओढून बघा. हाताला अडसर जाणवला तर दोरा जागेवर बसला. सैल आला तर पुन्हा ओवा.

तरीही गुंता राहिला तर सुई नवीन घाला. सुईची लांब खाच ज्या बाजूला, त्याच बाजूनं दोरा ओवायचा. काळ्या जुन्या मशीनवर हे आडवं असतं, झिगझॅग मशीनवर समोरून मागे. सुई पूर्ण वर ढकलून मगच स्क्रू आवळायचा. त्यानंतर कापड सरकवणाऱ्या दातांवरची प्लेट काढून खालचा कापूस ब्रशनं झाडायचा. इथल्या धुळीत तो लवकर साठतो आणि तेल लागून त्याचा नमदा होतो. फुंकर मारू नका, कचरा आणखी आत जातो. एवढं करून टाका नीट येत नसेल तरच टेन्शनला हात लावायचा.

टेन्शन डोळ्यांनी तपासायचं असतं. वर लाल, खाली निळा दोरा लावा आणि जे शिवायचंय त्याच कापडाच्या दुहेरी तुकड्यावर टीप मारा. खालच्या बाजूला लाल ठिपके दिसले तर वरचं टेन्शन सैल आहे, वर निळे ठिपके आले तर घट्ट. एका वेळी अर्धा आकडा फिरवायचा. बॉबिनचा स्क्रू सगळ्यात शेवटी आणि तोही पाव फेरा. दोरा धरून बॉबिन केस हवेत लटकवा. हलका झटका दिल्यावर एक-दोन इंच घसरून थांबली तर ठीक. धाडकन खाली आली तर सैल, जागची हललीच नाही तर घट्ट.

टीप सुरू करताना दोन्ही दोऱ्यांची टोकं तीन-चार इंच मागे काढून बोटांनी धरायची. ही सवय नसलेल्यांची प्रत्येक शिवण गुंत्यानंच सुरू होते. पायमशीनवर नवख्यांचं चाक उलटं फिरतं आणि दोरा तुटतो. त्यावर औषध एकच: दोरा न लावता, रद्दी कागदावर आखलेल्या रेघेवर पाय बसेपर्यंत सराव. लोकांना हा कंटाळवाणा वाटतो आणि पहिल्याच दिवशी कटोरी ब्लाउज हवा असतो. त्यांनी पुढच्या ओळी वाचल्या नाहीत तरी चालेल.

घडीवरचा हिशेब

कापड दुमडलेलं असतं, म्हणजे खडूनं काढलेली प्रत्येक आडवी रेघ दुप्पट होणार. गळा ६ इंच रुंद हवा तर घडीवर ३ इंच. घाईत ६ इंच आखले की १२ इंचांचा गळा खांद्यावरून उतरतो, आणि असा गळा कुठलीही लेस लावून झाकला जात नाही.

दुसरी गफलत लूजिंगची, म्हणजे अंगाच्या मापावर द्यायच्या सैलपणाची. छाती ३६, कुर्तीला एकूण लूजिंग ४, म्हणजे घेर ४०. त्याचा चौथा भाग १०, त्यात शिलाईची माया १ इंच, म्हणून खूण ११ वर. पुष्कळ जणी ३६ चा चौथा भाग ९ घेतात आणि त्यात ते चारही इंच मिळवतात. हे १३ इंच झाले, म्हणजे माया धरण्याआधीच कुर्तीचा घेर ५२ होतो. उलट, ब्लाउजला एक-दोन इंचांच्या वर लूजिंग दिलं तर काखेत झोळ येतो.

माया सगळीकडे सारखी सोडायची नसते. गळ्याला पाव इंच, खांद्याला आणि मुंढ्याला अर्धा, बाजूला एक ते दीड, कुर्तीच्या खालच्या घेराला एक. बाजूची माया कापून टाकणाऱ्याला कापड वाचल्याचा आनंद होतो आणि दोन वर्षांनी ब्लाउज दुसऱ्याला द्यावा लागतो.

मापाचा ब्लाउज वापरायला हरकत नाही. पण तो धुतलेला, इस्त्री केलेला आणि हूक लावून सपाट पसरलेला हवा. ताणलेल्या जुन्या होजिअरीच्या ब्लाउजवरून सुती ब्लाउज कापायचा नाही, तो चढणारच नाही. व्हिडिओत सांगितलेला मुंढ्याचा आकडा डोळे मिटून घेऊ नका. खांद्याचा उतार प्रत्येकाचा वेगळा असतो. भारी कापडाला कात्री लावण्याआधी मांजरपाटावर (स्वस्त, साध्या सुती कापडावर) एकदा कच्ची टीप घालून अंगावर बघणं हा माझा हट्ट आहे. मांजरपाट वाया जात नाही, त्याच्या पिशव्या होतात.

दोन्ही बाह्या एकाच हाताच्या

बाहीचा पुढचा मुंढा मागच्यापेक्षा सुमारे अर्धा इंच खोल असतो. कापड सुटं ठेवून एक बाही कापली आणि तीच तशीच ठेवून दुसरी कापली की दोन्ही उजव्या हाताच्या होतात. सुलटी बाजू आत घेऊन कापड दुहेरी करा आणि दोन्ही एकदम कापा. पुढच्या मुंढ्याला तिथंच छोटा कट मारून खूण ठेवा. काठाच्या कापडात दुहेरी घडी बसत नसेल तर बाहीचा कागदी नमुना उलटा करून दुसरी बाही आखा.

गळा उभा राहतो, नाहीतर पसरतो

गोल गळ्याला सरळ पट्टी लावली की गळा बसत नाही. पट्टी उरेबच हवी, किनारीपासून ४५ अंशांत कापलेली, सव्वा इंच रुंद. लावताना पट्टी किंचित ताणायची, गळा अजिबात ताणायचा नाही. शिवल्यावर गोलाईत दर अर्ध्या इंचावर छोटे कट द्यायचे, टिपेच्या दोन धागे अलीकडे थांबून. एक कट टिपेत गेला तर तिथून गळा फाटत जातो. खोल गळा कापल्या कापल्या कडेपासून थोडं आत एक साधी टीप मारून ठेवली तर हाताळताना तो पसरत नाही.

उरलेल्या किरकोळ चुका

मलमल, व्हॉइलला ११ नंबरची सुई, साध्या सुती कापडाला १४, जीन्सला १६ किंवा १८. होजिअरीला बॉलपॉइंट सुई, नाहीतर टाके सुटतात. सुई मोडेपर्यंत वापरायची नसते. टोक बोथट झालं की टक टक आवाज येतो, तेव्हा बदला.

टाका २.५ मिलिमीटर ठेवा, म्हणजे इंचाला साधारण १०.

कापड मागून ओढू नका. पुढं सरकवणं दातांचं काम आहे. ओढलं की सुई वाकते आणि प्लेटवर आपटते.

कापडाची कात्री कागदाला लावायची नाही, घरात कुणी कितीही मागितली तरी.

मशीनला मशीनचंच तेल. खोबरेल थंडीत गोठतं, खायचं तेल चिकट होतं आणि चाक जड जातं. तेल घातल्यावर आधी चिंधीवर टीप मारा.

हिमरूचं, म्हणजे संभाजीनगरच्या नक्षीदार विणीच्या कापडाचं, जाकीट किंवा ब्लाउज शिवायची हौस असेल तर जपून. मागच्या बाजूला मोकळे धागे असतात, ते नखात, हुकात अडकतात आणि कापलेली कड भराभर सुटते. पाव इंच मायेवर भागणार नाही. पाऊण इंच सोडा, जोडण्याआधी प्रत्येक तुकड्याची कड इंटरलॉक करून घ्या आणि आत अस्तर द्याच.

अंब्रेला कुर्तीचा घेर शिवून झाल्या झाल्या दुमडू नका. उरेब भाग स्वतःच्या वजनानं खाली उतरतो, रेयॉनमध्ये तर चांगलाच. एक रात्र हँगरला लटकत ठेवा, सकाळी कुणाला तरी अंगावर घालून उभं करा, जमिनीपासून स्केलनं सगळीकडे सारखं माप घेऊन खडूची खूण करा, वाढलेलं कापा आणि मगच घेर दुमडा.