जागतिकीकरणावर लिहिताना या चुका टाळा

जागतिकीकरणावरची उत्तरं आणि निबंध तपासताना एक गोष्ट वारंवार दिसते. सिद्धांतांची नावं बरोबर असतात, सनावळी पाठ असते, आणि तरीही मांडणी कोसळते. कोणता सिद्धांत कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतो, हेच पाहिलेलं नसतं.

सगळ्यात मोठा घोळ होतो तो डेव्हिड रिकार्डोच्या तुलनात्मक लाभाच्या सिद्धांताबाबत. 'ज्या देशाला जी वस्तू इतरांपेक्षा स्वस्तात बनवता येते, ती त्याने बनवावी', असं सर्रास लिहिलं जातं. हा ॲडम स्मिथचा निरपेक्ष लाभ झाला. रिकार्डोचं १८१७ मधलं उदाहरण एकदा कागदावर मांडून पाहा. ठरावीक कापड तयार करायला इंग्लंडला वर्षभर १०० माणसं लागतात आणि ठरावीक वाइनला १२०. पोर्तुगालला तेवढ्याच कापडाला ९० लागतात, वाइनला ८०. म्हणजे पोर्तुगाल दोन्हींत सरस. तरीही त्याने वाइनच करावी आणि तिच्या बदल्यात कापड घ्यावं, कारण ८० माणसांच्या कामात त्याच्या पदरात ९० माणसांचं कापड पडतं. इंग्लंडला १०० माणसांच्या कामात १२० माणसांची वाइन मिळते. हा हिशेब स्वतः हाताने केलात की पुन्हा गोंधळ होणार नाही.

मात्र उत्तर तिथेच संपवू नका. भांडवल सहसा मायदेश सोडून जात नाही, हे रिकार्डोने गृहीत धरलं होतं. आज कारखानाच उठून दुसऱ्या देशात जातो. शिवाय देशाचा फायदा म्हणजे देशातल्या प्रत्येकाचा फायदा नव्हे. व्यापार खुला झाला की देशात जो उत्पादनघटक (श्रम, जमीन किंवा भांडवल) दुर्मीळ असतो त्याचं उत्पन्न घटतं, हे स्टॉल्पर आणि सॅम्युएल्सन या अर्थशास्त्रज्ञांनी १९४१ मध्येच दाखवलं. फायदा किती झाला आणि तो कोणाला मिळाला, हे दोन प्रश्न वेगळे ठेवा. बंद पडलेल्या कारखान्यातल्या कामगाराला पहिल्या प्रश्नाचं उत्तर ऐकवणं मला तर अन्यायाचंच वाटतं.

दुसरी चूक आकडे वाचण्यातली. निर्यातीचा आकडा म्हणजे त्या देशाची कमाई, असं धरलं जातं. २००९ मधल्या आयफोनचं उदाहरण घ्या. एका फोनचा उत्पादनखर्च सुमारे १७९ डॉलर, आणि चीनमध्ये होणाऱ्या जुळणीचा त्यातला वाटा जेमतेम साडेसहा डॉलर. बाकीची किंमत जपान, जर्मनी, दक्षिण कोरिया, अमेरिका इथून आलेल्या सुट्या भागांची. सीमाशुल्काच्या नोंदीत मात्र सगळा फोन चीनची निर्यात. म्हणून दोन देशांमधल्या व्यापारी तुटीवर काही ठाम लिहायचं असेल, तर मूल्यवर्धनावर, म्हणजे प्रत्येक देशाने मालात स्वतः घातलेल्या किमतीवर आधारलेली आकडेवारी बघा. ओईसीडी (मुख्यतः विकसित देशांची आर्थिक संघटना) आणि जागतिक व्यापार संघटना मिळून २०१३ पासून ती देत आहेत.

'जागतिकीकरण १९९० नंतर सुरू झालं आणि तंत्रज्ञानामुळे ते अटळ आहे', या वाक्यात दोन चुका आहेत. अटलांटिकखालची तार १८६६ मध्ये कायमची जोडली गेली, सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला झाला, आणि १९१४ पर्यंत माल, भांडवल, माणसं प्रचंड प्रमाणात सीमा ओलांडत होती. पुढे १९३० च्या दशकात आगबोटी होत्या, तारा होत्या, टेलिफोनही होता. तरी व्यापार आटला, कारण १९३० च्या अमेरिकी स्मूट-हॉली कायद्यासारख्या जकातींनी दारं बंद केली. तंत्रज्ञान रस्ता देतं. फाटक उघडायचं की नाही ते राजकारण ठरवतं.

आता 'राष्ट्र-राज्य संपलं, जागतिक संस्थाच राज्य करतात' हे आवडतं विधान. जागतिक व्यापार संघटना सहमतीने चालते. ती स्वतः कोणाला दंड करत नाही, फार तर व्यापारी वादात जिंकलेल्या देशाला प्रत्युत्तरादाखल निर्बंध घालायची परवानगी देते. अमेरिकेने नेमणुका अडवल्या आणि डिसेंबर २०१९ पासून संघटनेचं अपील मंडळ ठप्प आहे. नाणेनिधीत महत्त्वाच्या निर्णयांना ८५ टक्के मतं लागतात आणि एकट्या अमेरिकेकडे १६ टक्क्यांहून अधिक आहेत, म्हणजे तिच्या एकटीच्या नकाराने असा निर्णय अडतो. तेव्हा 'राज्य संपलं' असं न लिहिता 'कोणतं राज्य किती बांधलं गेलं' हे लिहा.

इथे अर्थशास्त्रज्ञ दानी रॉड्रिक यांचा तिढा खरोखर कामाला येतो: सखोल आर्थिक एकीकरण, राष्ट्राचं सार्वभौमत्व आणि लोकशाही, तिन्ही पूर्णपणे एकत्र नांदत नाहीत, दोनच निवडता येतात. ग्रीसमध्ये कर्जसंकटामुळे जुलै २०१५ मध्ये बँका बंद होत्या, एटीएममधून दिवसाला ६० युरो मिळत होते. ५ जुलैच्या सार्वमतात ६१ टक्क्यांहून अधिक लोकांनी कर्जदात्यांच्या अटी नाकारल्या. १३ जुलैला त्यांच्याच सरकारने कठोर अटी मान्य केल्या. युरो सोडायचा नव्हता, म्हणून मतपेटीचा कौल बाजूला पडला.

जागतिक व्यवस्थेचा सिद्धांत मांडणाऱ्या समाजशास्त्रज्ञ वॉलरस्टाइनबद्दल थोडक्यात. गाभा, अर्धपरीघ आणि परीघ ही श्रीमंत-गरीब देशांची यादी नाही, ते उत्पादनाच्या साखळीतले परस्परसंबंध आहेत. त्याच्या दृष्टीने अभ्यासाचा एकक एखादा देश नसून अख्खी व्यवस्था असते. 'हा देश परिघावर का?' याचं उत्तर त्या देशाच्या आतच शोधलं, तर तुम्ही त्याचा सिद्धांत वापरलेलाच नाही.

शेवटची चूक परस्परावलंबनाची. व्यापार वाढला की युद्ध टळतं, असं सरळ लिहू नका. १९१४ मध्ये ब्रिटन आणि जर्मनी एकमेकांचे मोठे ग्राहक होते. कोहेन आणि नाय या राज्यशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये केलेला फरक इथे उपयोगी पडतो: झळ किती लवकर बसते ही संवेदनशीलता, आणि धोरण बदलूनही ती सोसावीच लागते का ही असुरक्षितता. १९७३ च्या तेलसंकटात भाववाढीची झळ अमेरिका आणि जपान दोघांनाही बसली. पण अमेरिकेच्या भूमीत स्वतःचं तेल होतं, जपानकडे जवळपास काहीच नव्हतं.