रक्त थांबवायला नेताना काय बघायचं

मी मिरजेत अँजिओच्या खोलीत, म्हणजे रक्तवाहिनीत नळी घालून उपचार करतात तिथं, सिस्टर आहे. माहेर द्राक्षांच्या तासगावचं, त्यामुळे ‘द्राक्षगर्भ’ हा शब्द ऐकला की अजून जिवावर येतं. पण गर्भपिशवीत बाळाऐवजी पाणी भरलेल्या फोडांचे घोस दिसले, तर आणखी काय म्हणणार? पिशवी साफ केली की बहुतेकींचं भागतं. काहींच्यात मात्र त्या फोडांच्या पेशी पिशवीच्या भिंतीत घुसतात, गाठ होते आणि ती रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेली असते.

ही गाठ फुटली तर रक्त पोटात आतच साठतं, म्हणून बाहेर फारसं रक्त नाही म्हणून निवांत बसू नका. पोट टणक, खांद्यात कळ, घाम, चक्कर असेल तर १०८ ला फोन करा. पाणीसुद्धा पाजू नका. जुनी फाईल घ्या: पिशवी साफ केल्याचा पॅथॉलॉजीचा रिपोर्ट, बीटा एचसीजीचे (गरोदरपणाच्या हार्मोनच्या रक्ततपासणीचे) सगळे कागद, रक्तगट, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी). डाय (रक्तवाहिन्या फोटोत दिसाव्यात म्हणून सोडतात ते औषध) टोचल्यावर पूर्वी अंगावर पित्त उठलं असेल तर ते आधी सांगा. रक्त द्यायला दोघं-तिघं सोबत असू द्या. बीपी फारच खाली असेल तर डॉक्टर थेट ऑपरेशनला घेतात. तिथं वाद घालण्यात वेळ घालवू नका.

आमच्याकडं जांघेत बधिर करून बारीक नळी गर्भाशयाच्या धमनीपर्यंत नेतात. डाय सोडला की अंगात ऊब पसरते, लघवी झाल्यासारखं वाटतं. बाई दचकतात, म्हणून मी आधीच सांगून ठेवते. मग जेलफोमचे (स्पंजसारख्या पदार्थाचे) बारके तुकडे किंवा कण सोडून धमनी बंद करतात. जेलफोम काही आठवड्यांत विरघळतो.

नंतर पाय साधारण सहा तास सरळ ठेवायचा. इथंच घरचे घोळ घालतात: ‘चहापुरतं उठवतो की!’ नाही, मान वळवून स्ट्रॉनं पाजा, तेही आम्ही हो म्हटल्यावर. ओटीपोटात कळा आणि बारीक ताप काही दिवस राहतो. पाय गार पडला, जांघ सुजली, जोराचा ताप किंवा घाण वासाचा स्राव असला तर लगेच परत या.

आणि गाठ अजून आतच असते. किमोथेरपी ठरली असेल तर ती घ्यायचीच. बीटा एचसीजी आधी दर आठवड्याला, नॉर्मल आल्यावरही पुढं महिन्याला, आणि डॉक्टर सांगेपर्यंत दिवस जाऊ द्यायचे नाहीत. ‘ऑक्टोबर छाटणी उरकली की येतो’ म्हणणाऱ्या मालकांच्या मोबाईलवर मी स्वतः तारखेचा अलार्म लावून देते.