हीट पंप निवडताना या चुका टाळा (निदान पहिल्या दोन तरी)

हीट पंप म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता घेऊन, खोल्या उबदार ठेवणाऱ्या रेडिएटरमधलं आणि नळाचं पाणी तापवणारं विजेवरचं यंत्र. त्याबद्दल विचारणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "कोणत्या कंपनीचा घेऊ?" मी उलट विचारतो, तुमच्या घराला उष्णता किती लागते? मग पलीकडे शांतता. काही जण चक्क रागावतात. त्यांना कंपनीचं नाव हवं असतं, गृहपाठ नको असतो. पण माझ्याकडे "बिघडलाय" म्हणून जे पंप येतात, त्यांतले खरोखर बिघडलेले फार थोडे. बाकीचे एकतर नको तेवढे मोठे असतात, नाहीतर नको तेवढ्या तापमानावर राबवलेले.

"मोठाच घेतलेला बरा"

ही माझी सर्वांत नावडती चूक. गॅस जाळून पाणी तापवणाऱ्या बॉयलरच्या काळात ती खपून जायची. बॉयलर मोठा असला तरी तो थोडा वेळ पेटायचा, विझायचा, कुणाला पत्ता लागायचा नाही. हीट पंपाचं तसं नसतं. इन्व्हर्टर कंप्रेसर वेग कमी-जास्त करतो हे खरं, पण त्यालाही खालची मर्यादा असते. बऱ्याच यंत्रांत ती पूर्ण क्षमतेच्या एक तृतीयांशाच्या आसपास येते. घराची गरज त्याहून कमी असली की पंप चालू-बंद, चालू-बंद करत बसतो. वीज खातो आणि कंप्रेसरचं आयुष्यही.

एका घरी १६ किलोवॅटचा पंप होता. तक्रार अशी की बिल भरमसाठ येतं आणि बाहेरचं युनिट सारखं धापा टाकतं. माझ्या आधी दोन तंत्रज्ञ येऊन गेले होते. एकाने कंट्रोल बोर्ड बदलला होता, दुसऱ्याने रेफ्रिजरंट, म्हणजे पंपात उष्णता वाहून नेणारा वायू, भरला होता. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! मी पाना बाहेर काढलाच नाही. युनिटशेजारी खुर्ची टाकून बसलो आणि घड्याळ लावलं. सहा मिनिटं चालू, नऊ मिनिटं बंद. पुन्हा सहा, पुन्हा नऊ. म्हणजे तासाला चार वेळा सुरुवात, तीही बाहेर ९ अंश असताना.

घरमालक टिपणं ठेवणारे निघाले, हे नशीब. जुना गॅस बॉयलर असताना मीटरचे आकडे ते वहीत लिहायचे. सर्वांत थंड दिवशी २४ तासांत १५० युनिट, म्हणजे किलोवॅट-तास, गॅस जळला होता. बॉयलरची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर घरात पोहोचली साधारण १२७ युनिट उष्णता. भागिले २४ केलं की उत्तर येतं ५.३ किलोवॅट. वर्षातल्या सगळ्यात वाईट दिवशी, आंघोळीच्या पाण्यासकट! १६ किलोवॅटचा तो पंप अगदी हळू चालला तरी तेवढी उष्णता द्यायचा. बाकीच्या दिवसांत घराच्या चालीने चालणं त्याला शक्यच नव्हतं.

मग १६ हा आकडा आला कुठून? "जुना बॉयलर २४ किलोवॅटचा होता, म्हणून बसवणाऱ्याने जरा कमी केला." आता हे २४ नेमकं कशाचं ते पाहा. टाकी नसलेला बॉयलर नळातलं पाणी जागच्या जागी तापवतो. मिनिटाला १० लिटर पाणी ३५ अंशांनी तापवायचं तर साधारण २४ किलोवॅट लागतात. तो आकडा नळाचा होता, खोल्यांचा नव्हेच. हीट पंपाबरोबर पाण्याची टाकी येते, त्यामुळे त्या आकड्याशी आपला संबंधच उरत नाही.

त्या घरात आम्ही सगळ्या खोल्यांचे व्हॉल्व्ह उघडे केले, फिरणाऱ्या पाण्याचं प्रमाण वाढवलं. धाप थोडी कमी झाली. पण मोठा पंप काही लहान होत नाही.

म्हणून माझी सवय अशी: कडक थंडीतला एक दिवस पकडायचा, सकाळी सात ते दुसऱ्या दिवशी सकाळी सात, आणि मीटर वाचायचं. शिवाय खोलीनिहाय हिशोबही करायचा: भिंती, छत, खिडक्या, फटींतून जाणारी हवा. दोन्ही उत्तरं जवळपास आली की मगच यंत्राकडे वळायचं. नुसतं क्षेत्रफळ ऐकून फोनवर किलोवॅट सांगणारे उंटावरून शेळ्या हाकत असतात. एकाच क्षेत्रफळाच्या दोन घरांत उष्णतेची गरज सहज दुप्पट-तिप्पट वेगळी असू शकते. आणि छताला इन्सुलेशन करायचंच असेल तर ते आधी करा. पंप घेतल्यावर केलंत, तर नेमका बसणारा पंपही मोठा ठरतो.

"रेडिएटरला हात लावला, चटकाच बसत नाही"

बसायला नकोच आहे. पण हे पटवताना माझा घसा बसतो.

पंप बाहेरच्या गार हवेतली उष्णता उपसून घरातल्या पाण्यात आणतो. विहिरीचं पाणी जितकं खोल, तितका रहाट ओढायला जोर जास्त, तसंच हे. बाहेर ७ अंश आणि पाणी ३५ अंश असेल, तर निसर्गनियमाने शक्य असलेला कमाल सीओपी, म्हणजे एका युनिट विजेत मिळणारी उष्णतेची युनिटं, ११ येतो. पाणी ५५ अंश केलं की तो ७ च्याही खाली उतरतो. प्रत्यक्ष यंत्रं याच्या निम्म्याच्या आसपासच पोहोचतात, पण उतरण तशीच राहते. पाण्याचं तापमान एका अंशाने वाढवलं की साधारण दोन-अडीच टक्के कार्यक्षमता गेली म्हणून समजा. माहितीपत्रकावर ठळक छापलेला सीओपी बहुतेक वेळा बाहेर ७ आणि पाणी ३५ याच जोडीचा असतो. विक्रेत्याला उणे ७ आणि ५५ चा आकडा विचारा, आणि त्याचा चेहरा बघा.

आता रेडिएटरची बाजू. त्याच्यावर लिहिलेली क्षमता पाणी खोलीपेक्षा सरासरी ५० अंशांनी गरम असेल तेव्हाची असते. खोली २० अंश आणि पाणी सरासरी साडेबेचाळीस अंश असेल, तर १००० वॅटचा रेडिएटर जेमतेम ३५० वॅट देतो. म्हणून लहान रेडिएटर बदलावे लागतात. सगळे नव्हे. बहुतेक घरांत एखाददुसरी खोलीच अख्ख्या घराला वेठीला धरते. तिच्यासाठी सगळ्या घराचं पाणी ५५ वर नेणं म्हणजे एका पोराला थंडी वाजते म्हणून सगळ्यांना स्वेटर चढवणं.

बाहेरच्या हवेनुसार पाण्याचं तापमान ठरवणारा एक वक्र बहुतेक पंपांच्या सेटिंगमध्ये असतो. बसवणारे तो मुद्दाम चढा ठेवतात, कारण तक्रारीचा फोन येत नाही. मी तो दर दोन दिवसांनी एका अंशाने खाली आणतो. घरातलं कुणीतरी "आज जरा गार वाटतंय" म्हणालं की एक अंश वर, आणि तिथेच थांबतो. याला दोन-तीन आठवडे लागतात. उतावळ्यांना संध्याकाळपर्यंत निकाल हवा असतो. ते दर तासाला आकडे बदलतात आणि शेवटी कुठल्या बदलाने काय झालं हे त्यांनाही सांगता येत नाही.

रात्री पंप पूर्ण बंद ठेवून सकाळी घर तासाभरात तापवायचा हट्टही सोडा. मग पंपाला पाणी खूप गरम करावं लागतं, आणि रात्री वाचवलेलं बरंचसं सकाळी जातं.

बाकीच्या चुका थोडक्यात

जुनी पाण्याची टाकी तशीच ठेवू नका. तिच्यातली कॉइल, म्हणजे पाणी तापवणारी वेटोळी नळी, बॉयलरच्या कढत पाण्यासाठी केलेली, लहान असते. पंपाला मोठं पृष्ठफळ लागतं, तीन चौरस मीटरच्या आसपास. २०० लिटर पाणी १० वरून ५० अंशांवर न्यायला सव्वानऊ युनिट उष्णता लागते. सहा किलोवॅटचा पंप त्याला दीड तास घेणारच, तो बिघाड नाही. मात्र टाकी कायम ४० अंशांवर ठेवून बचत करू नका. त्या तापमानात फुप्फुसाचा आजार करणारे लिजिओनेला जिवाणू मजेत वाढतात. अधूनमधून ६० अंशांवर नेणारी सोय सेटिंगमध्ये असते, ती चालू ठेवा.

बिल अचानक वाढलं तर आधी पंपाच्या जोडीला दिलेला पूरक विजेचा हीटर बघा. तो एका युनिट विजेत एकच युनिट उष्णता देतो आणि गुपचूप चालू राहतो.

पंपाच्या पडद्यावर पाण्याचा प्रवाह कमी असल्याची सूचना दिसली तर पाण्याच्या नळीतली गाळणी साफ करा. नव्या जोडणीत पहिल्या महिन्यात ती भरतेच. आठ किलोवॅट उष्णता पाच अंशांच्या फरकाने वाहून न्यायला मिनिटाला २३ लिटर पाणी फिरावं लागतं. बारीक नळ्यांतून ते जात नाही, आणि सगळ्या खोल्यांचे व्हॉल्व्ह बंद ठेवल्यावर तर नाहीच.

रेफ्रिजरंट म्हणून आर-२९०, म्हणजे प्रोपेन, वापरणारे पंप ७० अंशांपर्यंत पाणी देतात. देतात म्हणून मागायचं नसतं. प्रोपेन ज्वलनशील आहे, त्यामुळे युनिटची जागा खिडक्या-दारं आणि गटाराची तोंडं सोडून ठरवावी लागते.

बाहेरचं युनिट दोन भिंतींच्या कोपऱ्यात कोंबू नका. आवाज भिंतींवरून परततो आणि पंप स्वतःचीच गार हवा पुन्हा ओढतो. खाली पाणी जायलाही वाट हवी. दमट थंडीत कॉइलवर हिम धरतं, ते वितळवायला पंप काही मिनिटं उलटा चालतो आणि वाफेचा लोट उठतो. एका पहाटे मला घाबऱ्याघुबऱ्या आवाजात फोन आला, "पंपातून धूर येतोय, अग्निशमन दलाला बोलावू का?" धूर नव्हता, वाफच होती. पण वितळलेलं पाणी पायवाटेवर गोठून तिथे आरसा झाला होता आणि तिथेच मी घसरलो. दुसऱ्या दिवशी युनिटखाली खड्डा खणून त्यात खडी भरली.