ओट्याची धग पोटमाळ्यावर साचू नये म्हणून

आमची खोली लालबागला, चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर. १० बाय १२ची. उंची ११ फूट, म्हणून सासऱ्यांनी त्यांच्या काळातच निम्म्या खोलीवर पोटमाळा घालून घेतला. दार पूर्वेला गॅलरीत उघडतं, त्या बाजूला पोटमाळा. पश्चिमेला खिडकी, खिडकीखाली ओटा, शेजारी मोरी. पहाटे साडेचारला मी गॅस पेटवते आणि नऊच्या आत २२ डबे बाहेर पडतात.

धाकटा मुलगा पोटमाळ्यावर झोपतो. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात तो पाच वाजताच उशी काखेत मारून गॅलरीत जाऊन आडवा व्हायला लागला. विचारलं तर म्हणे, "आई, वर बसवत नाही गं." एके दिवशी पोळ्या मध्येच थांबवून मी शिडी चढले. चौथ्या पायरीपर्यंत काही वाटलं नाही. पाचव्या पायरीवर डोकं फळीच्या वर गेलं आणि कुकरचं झाकण काढल्यावर येते तशी वाफ कपाळावर आली. उशीचा अभ्रा ओला, भिंतीवरचं कॅलेंडर दमटपणाने वाकडं झालेलं. माझं पोर दहावीचा अभ्यास इथे बसून करत होतं, हे मला फार लागलं. तेव्हापासून या एकाच गोष्टीच्या मागे लागले. जे जमलं ते सांगते. बैठ्या घरात किंवा चाळीत पोटमाळा असलेल्या कुणालाही उपयोगी पडेल.

आधी धग जाते कशी ते बघा. गरम हवा हलकी, ती ओट्यावरून सरळ छताला भिडते आणि छताच्या पोटाला चिकटून पुढे सरकते. पोटमाळ्याला तीन बाजूंनी भिंती, त्यामुळे तिथे गेली की अडकते. आणि ती थोडीथोडकी नसते. एक किलो सिलिंडरचा गॅस जळला की साधारण पावणेतेरा युनिट विजेइतकी उष्णता निघते. एक हजार वॉटची इस्त्री पावणेतेरा तास चालू ठेवण्यासारखं आहे हे. शिवाय गॅस जळताना पाणीही तयार होतं, किलोमागे दीड लिटरच्या वर, वाफेच्या रूपात. भाताची, वरणाची वाफ वेगळीच. अभ्रा ओला का होता ते मला तेव्हा कळलं.

मी पहिल्यांदा केलं ते चुकीचं होतं. गरम हवा पोटमाळ्यावर साठते, मग पंखाही तिथेच लावावा असं वाटलं. दारावरच्या झरोक्यात, म्हणजे बरोबर मुलाच्या उशाशी, एक्झॉस्ट बसवला. पंखा चालू झाला आणि ओट्यावरची सगळी धग, फोडणीचा ठसका, मुलाच्या अंथरुणावरून ओढत गॅलरीत जायला लागली. शेजारच्या काकूंच्या वाळत घातलेल्या साड्यांना लसणाचा वास. त्या बोलल्या आणि त्यांचं बरोबरच होतं. महिन्याभरात पंखा उतरवला.

मग आमच्या वायरमनने डोक्यात लख्ख प्रकाश पाडला. तो म्हणाला, "वहिनी, धग जिथून निघते तिथूनच बाहेर काढा. आणि जिथे माणूस झोपतो तिथून ताजी हवा आत घ्या." म्हणजे वाट उलटी फिरवायची: हवा झरोक्यातून पोटमाळ्यावर, तिथून ओट्यावर, ओट्यावरून खिडकीबाहेर. सगळं काम एवढ्याच एका वाक्यावर उभं आहे.

पंखा आता ओट्यावर, खिडकीच्या सगळ्यात वरच्या तावदानात आहे. भिंत फोडली नाही. जुन्या चाळीच्या भिंतीवर इमारतीचा भार असतो, तिला भोकं पाडू नका. काच काढून त्या मापाचा पत्रा बसवला आणि पत्र्याला पंख्याएवढा गोल कापून घेतला. पंखा केवढा घ्यायचा याचा हिशोब सोपा आहे. माझी खोली १३२० घनफूट, म्हणजे ३७ घनमीटर. स्वयंपाकघरातली हवा तासाला पंधरा वेळा तरी बदलावी असं धरा. ३७ गुणिले १५, म्हणजे ५५५. पंख्याच्या खोक्यावर ताशी किती घनमीटर हवा ओढतो ते छापलेलं असतं, तो आकडा याच्या वर हवा. मी लोहार चाळीतून, म्हणजे मुंबईतल्या विजेच्या सामानाच्या बाजारातून, १० इंची आणला. नुसते इंच बघून घेऊ नका, खोक्यावरचा आकडा वाचा. अर्थिंग असलेली तीन पिनची जोडणी करून घ्या आणि बटण ओट्यापासून लांब, ओला हात पोचणार नाही असं.

आता आत येणारी वाट. लोक इथेच चुकतात. पंखा चांगला घेतात आणि दार, झरोका सगळं बंद ठेवतात. आत हवा यायलाच जागा नसेल तर पंखा नुसता गरगरतो, नाहीतर मोरीच्या जाळीतून घाण वास वर ओढतो. आत येण्याची वाट पंख्याच्या भोकाच्या निदान दुप्पट हवी. १० इंची पंख्याचं भोक साधारण ७८ चौरस इंच. आमचा झरोका तीन फूट बाय एक फूट, म्हणजे ४३२. पण सासूबाईंनी धुळीसाठी त्यावर प्लायवूड ठोकलेलं आणि त्याला टेकून दोन ट्रंका, गोधड्यांचं गाठोडं आणि गणपतीचं मखर. प्लायवूड काढून डासांची जाळी लावली, सामान हातभर बाजूला सरकवलं. जाळी झरोक्यालाच लावा, पंख्याला नको. पंख्याकडची जाळी तेलाच्या चिकट्याने महिन्याभरात बुजते.

नंतर छताला पत्र्याची झालर लावली. ओटा आणि पोटमाळा यांच्या मध्ये, छतापासून दीड फूट खाली येईल अशी, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. छताखालून सरकणारी धग या झालरीला अडते, ओट्यावरच तुंबते आणि पंखा तिला उचलतो. ॲल्युमिनियमचा पत्रा घ्या, कडा दुमडून घ्या. कापड, प्लास्टिक, प्लायवूड अजिबात नको, खाली आग आहे. पंख्याने जेवढा फरक पडला जवळजवळ तेवढाच या झालरीने पडला. पोटमाळ्यावर साधा तापमापक टांगला होता. मेमध्ये सकाळी आठला आधी ३९ दाखवायचा, आता ३४च्या आसपास असतो.

काम बरोबर झालं का ते उदबत्तीने तपासा. गॅसचं बटण बंद, रेग्युलेटर बंद, कसलाही वास नाही याची खात्री करा, मग पंखा लावून उदबत्ती झरोक्याशी धरा. धूर आत वळला पाहिजे. पोटमाळ्याच्या कडेला धरा, धूर ओट्याकडे झुकला पाहिजे. कुठे तो जागच्या जागी घुटमळत असेल तर तिथे काहीतरी आडवं आलंय. माझ्याकडे ती ट्रंकच होती.

रोजची सवय अशी: गॅस पेटवायच्या आधी पंखा लावायचा, गॅस बंद झाल्यावर वीस मिनिटांनी बंद करायचा, कारण तवा आणि ओट्याचा दगड तोपर्यंत तापलेलेच असतात. स्वयंपाक चालू असताना छताचा पंखा बंद. तो वरची धग घुसळून सगळीकडे पसरवतो. सकाळी वारा पडलेला असतो, थंडीत तर पूर्वेकडून येतो आणि झरोक्यातून आत शिरून पंख्याला मदतच करतो. दुपारी समुद्रावरचा वारा सुटला की तो पश्चिमेच्या खिडकीवर समोरून येतो, मग पंख्याशी त्याची झुंज लावू नका. पंखा बंद, खिडकी सताड उघडी. वारा खिडकीतून येतो आणि झरोक्यातून जातो. रात्रीच्या डब्यांना पुन्हा पंखा. पावसाळ्यात पंख्यावर बाहेरून पत्र्याची लहान छपरी हवीच, आणि गॅलरीला ताडपत्री बांधताना झरोका पूर्ण झाकू देऊ नका. महिन्यातून एकदा वीज बंद करून पाती धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने पुसून घ्या.

गॅसचा वास आला तर मात्र हे सगळं विसरा. पंख्याचं बटण लावायचं नाही आणि चालू असेल तर बंदही करायचं नाही, ठिणगी तिथेच उडते. रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, सगळ्यांना बाहेर काढा आणि बाहेरूनच १९०६वर, म्हणजे सिलिंडरच्या गॅसगळतीच्या मदत क्रमांकावर, फोन. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीवर पसरतो. पाइपचा गॅस हलका, तो वर चढतो आणि पोटमाळ्यावर साचतो. तुमच्याकडे पाइपचा गॅस असेल आणि वर कोणी झोपलेलं असेल तर आधी त्याला हाक मारा.

कोळशाच्या शेगडीबद्दलही सांगायलाच हवं. माझी आई गॅलरीत शेगडी पेटवायची, धूर संपून निखारे लाल झाले की आत आणायची. धूर गेला म्हणजे धोका गेला असं सगळ्यांना वाटायचं. पण निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतच राहतो, त्याला वास नाही, रंग नाही, आणि धगीबरोबर तोही वर जातो. आजही बाळंतिणीच्या शेकाला घरात शेगडी येते. दारं-खिडक्या लावून ती ठेवू नका, वर कोणी झोपलेलं असताना तर नाहीच, आणि एक्झॉस्ट आहे म्हणून निर्धास्त राहू नका. डोकं जड झालं, मळमळलं तर तडक गॅलरीत या.

अंथरूण कसं घालायचं तेही बघा. ताजी हवा झरोक्यातून फळ्यांना लागून आत येते, म्हणून उशी झरोक्याकडे आणि पाय ओट्याकडे. डिसेंबरात मुलाने पहाटे पातळ चादर मागितली तेव्हा मी ती शिडीवरूनच वर दिली.